नर्मदेचं नाही

घर बघायला गेलो ते वैशाखात.
जुन्या इंदुरात, एका कापडवाल्याचं.
तळघरात गठ्ठे ठेवायच्या लाकडी घोड्या तशाच.
मालक म्हणाला, हात लावून बघा ना ताई,
भिंत पापडासारखी कोरडी आहे.
लावला. होती.

पाऊस येऊन गेला, काही झालं नाही.
दिवाळीत मी पुस्तकांची खोकी खाली उतरवली.
मार्गशीर्षात, आभाळ निळं आणि अंगणात वाळवण,
जिन्याच्या वरच्या पायरीवर दिवा लावला
तर तळघरात दुसरा दिवा लागला.

घोट्याएवढं.
फरशीच्या सांधी मोजाव्यात इतकं नितळ.

पहिला संशय शेजारच्या संडासावर,
दुसरा नळाच्या पायपावर.
निगमचा पोरगा आला. खिशातून काचेची नळी काढली,
पाणी भरलं, दोन थेंब टाकले, खिडकीकडे धरली.
नळाचं असतं तर पिवळं झालं असतं.
नाही झालं.
“नर्मदाजी का नहीं है, मैडम. यहीं का है.”
आणि कागदावर सही घेऊन गेला.

यहीं का.
जयवंतच्या घरात वही आहे:
कोण कुठल्या फौजेमागून आलं, कोण कुणाला दत्तक.
आम्हाला पत्रिकेत अजून मूळ गाव छापावं लागतं.

जयवंतने भिंतींना रसायन लावलं. दोन हात, वर तिसरा.
आठ दिवस पाहुण्यांना खाली नेऊन दाखवलं.
नवव्या दिवशी फरशीच्या मधोमध एका सांधीतून
मुंग्या निघाव्यात तसं, न घाबरता, निघालं.
भिंतींवर लोणा फुलला. मी चाखून पाहिला.
शब्दकोश असा फुगला की मिटेना,
‘प’ वर उघडाच राहिला.

समोरच्या चंपाबाई गंगवाल भाजी निवडता निवडता म्हणाल्या,
तुमच्या भिंतीपलीकडे विहीर आहे ना.
आहे?
दुकानाखाली गेली. घरात नळ आले तेव्हा
आम्ही पेढे वाटले आणि तिच्यावर स्लॅब घातला.
साठ घरं उपसायची तिला, अहो, रात्रीसुद्धा.
आता कुणी विचारत नाही. मग ती काय करणार?

गब्बू मिस्त्रीने भिंतीकडे पाहिलंही नाही.
कोपऱ्यातली फरशी फोडली, कमरेएवढा खड्डा,
विटा नुसत्या रचल्या, सिमेंटशिवाय.
रोकोगे तो लड़ेगा, म्हणाला. बुला लो.
तळाशी पंप, पंपाला तरंगता फुगा.
पाणी वीतभर चढलं की फुगा उठतो,
पंप आपणहून सुरू होतो.

रात्री दोनला. पावणेचारला.
चाळीस अंक मोजेपर्यंत गुरगुरतो, थांबतो.
पहिला आठवडा झोपमोड झाली.
मग कुणी विचारलं तर आठवावं लागायचं
की घरात असा काही आवाज आहे.

पुन्हा वैशाख. एका रात्री जाग आली
काहीच वाजलं नाही म्हणून.
बॅटरी घेऊन खाली गेले.
खड्ड्यात ओली माती, फुगा आडवा पडलेला.
पंप जळाला की पाणी गेलं?
कळायला मार्ग नव्हता.

वर आले. मोरीतल्या नळाखाली बादली लावली,
भरली, पायरीपायरीला टेकवत खाली नेली.
ओतली. पुरेना. आणखी दोन आणल्या.

फुगा उठला.
पंप सुरू झाला, आणि अकरा अंकांतच थांबला.
जयवंतने वरून विचारलं, आलं का?
मी काही बोलले नाही.

तळाशी बोटभर राहिलं होतं.
त्यात कुणी आत्ता दोन थेंब टाकले असते
तर पिवळं झालं असतं.
फिकट.