मिरच्या मोजणारा

इतवारीत, गल्ली संपते तिथं माझा छापखाना.
मसाल्याच्या लेबलावर मिरच्या छापतो मी.
लंडनच्या पाकिटावर एक,
दुबईच्या दोन,
पुण्याला अडीच.
अर्धी मिरची देठाकडची की टोकाकडची,
यावर देवानंद निखारेशी तासभर वाजलं.
उमरेड-भंडाऱ्याच्या पाकिटावर मात्र मिरचीच नाही.
"इथं काय सांगायचं," तो म्हणाला,
"मे महिन्यात ऊन असते म्हणून?"

बंगळुरूहून सल्लागार मुलगी आली होती.
भिंतीवर तिनं जगाची पोळी टाकली, सहा रंगांत कापलेली.
हिरवा तुकडा: परदेशी एकटे राहणारे, पस्तिशीच्या आतले,
आठवण विकत घेणारे.
पिवळा: शनिवारी रात्री
तिखट खाऊन बघू म्हणणारे.
करडा: इतर.
"अन् आम्ही कुठं?" देवानंदनं विचारलं.
ती गोड हसली.
"तुम्ही तर ब्रँड आहात, सर."

लेबलावरची बाई मीच काढली.
नऊवारी, चंद्रकोर, टपोऱ्या मोत्यांची नथ;
सगळं तिच्या यादीबरहुकूम.
कांडपावरच्या गिरजा परातेनं
प्रूफ हातभर लांब धरून पाहिलं.
"हे कोण होय?
नथ घालून मिरच्या कोण कांडते, बाप्पा?
शिंक आली म्हंजे?"

तिच्या घरी मागाच्या खड्ड्यात आता मिरच्यांची पोती.
एक्सपोर्टचा माल असला
की दिवसभर तिला एकही शिंक येत नाही.
त्यावरून मला कळतं, आज कोणतं लेबल लावायचं.

परवा तिच्या पोराचा फोन आला, रॉटरडॅमहून.
दुकानात आपलंच पाकीट मिळालं म्हणे,
सोया सॉस आणि नारळाच्या दुधाच्या मधे.
"आई, यात काहीच नाही वं.
बिनमिरचीवाला पाठव."

हा कोणत्या रंगात बसतो?
पोळी आठवून पाहिली.
हिरवाच असेल.
पण हिरव्याला तर एकच मिरची दिली होती.

संध्याकाळी गिरजा छापखान्यात आली, रद्दी मागायला.
रंग सरकलेला एक ताव दिला मी:
बाईची नथ कानाशी गेलेली,
लाल मिरच्या चौकटीबाहेर सांडलेल्या.
त्यात तिनं किलोभर मसाला बांधला, सुतळी आवळली,
आणि माझ्याच पेनानं वर लिहिलं:
जपून.

"हे मिरचीसाठी, का पोट्ट्यासाठी?"
मी विचारलं.
तेवढ्यात तिला शिंक आली.