पन्नी

आरमोरीच्या बसस्टँडसमोर माझ्या भावाची टपरी.
केवळराम खर्रा घोटायचा
आणि त्या पैशावर मी नागपुरात रसायनशास्त्र शिकायचे.
मनिऑर्डरच्या कुपनावर चुन्याचे बोट उमटलेले असायचे.
तेव्हा मला त्यात काही विशेष वाटले नाही.

पुढे तोच खर्रा मी प्रयोगशाळेत मागवला.
लेखा विभागाने बिल मागितले.
केवळरामने वहीचे पान फाडून लिहून दिले:
वीस खर्रे, संशोधनाकरिता, रोख मिळाले.
खाली सही. मग तिकीट चिकटवून तिकिटावर पुन्हा सही.
ते व्हाउचर तीनदा परत आले.

पन्नीची गाठ सोडायची,
निर्जंतुक चमच्याने ऐवज खरवडून काचेत घ्यायचा,
पन्नी कचऱ्यात.
अर्क काढायचा, गाळायचा, आटवायचा,
उरेल ते तोलायचे.
चौथ्या दशांशापर्यंत मी काटेकोर होते.

उंदरांच्या पाठी भादरल्या.
सोमवारी आणि गुरुवारी कुंचल्याने लेप,
चोवीस आठवडे.
दिवाळीतही कुणीतरी जावे लागे. मीच जायचे.
अकराव्या आठवड्यात पहिली गाठ बोटाला लागली,
ज्वारीच्या दाण्याएवढी.
मला आनंद झाला.
हे मी आजवर कुठे लिहिलेले नाही.

मग माणसे.
वडसा, कुरखेडा, शेवटी आमचेच गाव.
लाकडी काडीने गालाच्या आतून पेशी खरवडल्या,
काचपट्टीवर पसरल्या, रंगवल्या.
पेशीत केंद्रक एकच असावे.
जिथे शेजारी आणखी एक बारका ठिपका दिसला,
तुटलेल्या गुणसूत्राची चिंधी दाराबाहेर राहिलेली,
तिथे मी एक रेघ ओढली.
हजार पेशी, मग पुढची काचपट्टी.

काचपट्टीला नाव नसते.
पण एकशे सतरा नंबरचे तोंड
दोन बोटांपलीकडे उघडेना
आणि त्याच तोंडाने मला पाचवीत त्रैराशिक शिकवले होते.
"तं का होते मंग?" ठेंगरी गुरुजींनी विचारले.
मी म्हणाले, एकट्याचे सांगता येत नाही,
गटाचे सांगता येते.
ते म्हणाले, "मी तं एकटाच आहो ना बाई."

केवळराम स्वतः कधीच खात नव्हता.
त्याचा गाल धुतलेल्या पाटीसारखा निघाला.
त्याला नियंत्रण गटात टाकला.
निबंधाच्या शेवटी त्याचे आभार,
'स्थानिक सहकार्य' एवढ्या दोन शब्दांत.

बंदी आली.
टपरीवर मोजे लटकले, मोबाईलची कव्हरे लटकली,
मोज्यांमागून घोटण्याचा आवाज येतच राहिला.

यंदा निवृत्त होऊन आले.
बाकावर बसून त्याला घोटताना पाहिला,
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पुरता.
न थांबता म्हणाला,
"तंबाखू तोलला तू, सुपारी तोलली, चुना तोलला.
पन्नीचं का निंगालं?"

पन्नीचं?

"घोटली का गरम होते ना ते.
कधी कधी वासबी मारते.
मले वाटलं, तुले मालूम असन."

एकतीस वर्षे. सव्वीस निबंध.
माझ्या डोळ्यांपुढे कोपऱ्यातला निळा डबा आला,
पायाने झाकण उघडणारा.

मला माहीत नाही, मी म्हणाले.

त्याने नुकतीच घोटलेली पुडी माझ्या तळहातावर ठेवली.
कोमट होती,
पिंजऱ्यातून उचललेल्या उंदराच्या पोटासारखी.

"बिल फाडू का?"

फाड.
आणि तिकीट लावायचे विसरू नकोस.