दोनशे साठ कमी

शाळेच्या ग्रंथालयाला खिडकी एकच,
तिच्यासमोर कारखान्याची भिंत.
सकाळी सातपासून यंत्रमागांचा खटखटाट.
इथं वाचायचं ते त्याच्या तालावर,
नाहीतर त्याच्याशी भांडत.

हिप्परगी सर म्हणाले, बनसुडेबाई,
नववीच्या वाचनमंडळाला पाच पुस्तकं काढा,
अभिजात हवीत, शुक्रवारपर्यंत.
जसा काही नव्या पेठेतला तागाच,
मीटर लावून फाडला की झालं.

कपाटाची किल्ली फिरवली, दाराला लाथ घातली
(त्याला तेवढंच कळतं).
आत कसरीचा, डिंकाचा, जुन्या उन्हाळ्यांचा वास.
पहिलं जाडजूड काढलं, लाल बांधणीचं.
लहानपणापासून ज्याचं नाव घेताना
आवाज आपोआप खाली जातो, असलं.
मागच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का
एप्रिल एकोणीसशे शहाऐंशी,
इयत्ता नववी, हजेरी क्रमांक सव्वीस.
म्हणजे मीच.
बासष्टाव्या पानावर सिटी बसचं तिकीट,
पुढची पानं कोरी करकरीत, एकमेकांना चिकटलेली.
आणि मी तीस वर्षं वर्गात सांगत आले,
मुलांनो, हे वाचलंच पाहिजे.

शुक्रवारी टेबलावर मांडली सगळी.
जुबेर बागवानानं सगळ्यात जाडं उचललं,
हातात तोललं कांद्याच्या पिशवीसारखं :
‘बाई, अभिजात म्हणजे लै जड असतंय काय?’
मल्लिनाथ म्हणाला, ‘घरात कन्नड, गल्लीत तेलुगू,
शाळेत तुमची मराठी.
ह्यातला हिरो रडतो कुठल्या भाषेत?’
वर्ग हसला. मीही हसले,
उत्तर येत नसलं की हसते तशी.

लावण्या गुंडेटी काहीच बोलली नाही.
मी रद्दीला बाजूला काढलेल्या ढिगातून
तिनं एक पातळसं पुस्तक ओढलं,
मुखपृष्ठ नाही, पहिली चार पानं नाहीत,
लेखक कोण ते वाळवीला माहीत.
‘हे नेऊ?’
ने, म्हटलं. परत नाही आणलंस तरी चालेल.

सोमवारी मधल्या सुट्टीत आली.
‘बाई, आईला वाचून दाखवलं.
ती विड्या वळत होती. हजार झाल्याशिवाय उठत नाही.
शनिवारी रात्री सातशे चाळीसच झाल्या.’
का गं?
‘हात थांबत होता.
अर्धं तिला मराठीत कळतंय,
अर्धं मी तेलुगूत सांगत होते.
त्यातली ती बाई घर सोडून निघते,
आणि विसरलेली कात्री न्यायला परत येते ना,
तिथं आईनं सूप मांडीवरून खाली ठेवलं.
पाण्याचा तांब्या उचलला, प्यायली नाही,
तसाच धरून बसली.’

मग? रागावली?
‘तर! म्हणाली, उद्या तेवढंच परत वाच, हळू वाच.
आणि दोनशे साठचे पैसे
तुझ्या बाईकडून घेऊन ये.’

कारखान्यात दुपारची पाळी सुरू झाली होती.
मी वही उघडली, आकडा टाकला : एक.
नाव लिहायच्या जागी काय लिहू?
लिहिलं, ‘कात्री न्यायला परत येते ते’.
खालच्या चार ओळी कोऱ्या ठेवल्या.

हिप्परगी सर दोनदा विचारून गेले.
सांगितलं, सर, पुस्तकं बाहेर आहेत.
एक जुबेरच्या गाड्यावर, तराजूशेजारी,
एक मल्लिनाथच्या आज्जाकडे, जो कन्नडमध्ये शिव्या देत
मराठी ऐकून घेतो.
बाकीची कुणाचं काय थांबवतात बघू.
कुणाचंच नाही थांबलं, तर कपाट आहेच.

लाल बांधणीचं मी घरी आणलंय.
बसचं तिकीट काढून टाकलं,
सुरीनं त्रेसष्टावं पान सोडवलं, अलगद.
चौऱ्याऐंशीपर्यंत आले आहे.
भात अजून एकदाही करपलेला नाही.

आणि ते पैसे
द्यायचे आहेत अजून.