कानातला खडा

ढोम्याचं डोकं फोडायचं नसतं, उघडायचं असतं,
पावसकर सर म्हणतात, आणि चिमट्यानं
कवटीच्या तळाशी लपलेला खडा काढून
माझ्या तळहातावर ठेवतात.
पांढरा, ओलसर, दुधाच्या दातासारखा.
यात वर्षं मोजायची, बुंध्यात मोजतात तशी.
पाणी बदललं, खाणं बदललं,
की कडं जरा वेगळं पडतं.

संध्याकाळी नागवेकरकाकूंना सांगितलं,
आज दिवसभर कानातले खडे काढले.
"मी तर कधीच लावला होता कानाला खडा,
पुन्हा म्हणून भाडेकरू ठेवायचा नाही.
मग तू आलीस."
मी वहीत लिहून घेतलं : कानाला खडा लावणे.
पुढे अर्थासाठी जागा सोडली.

माझं नाव थोकोझानी.
हजेरीत ते रोज तीनदा अडखळतं.
पोलिसांच्या नोंदणीत त्याला एक अक्षर कमी पडलंय,
त्यापायी चार खेपा, दोन फोटो
आणि एकदा, साहेब जेवायला गेलेत.
काकूंनी पहिल्याच दिवशी पाटी पुसावी तसं पुसून
ठकू केलं.
"आमच्या आतेचं नाव. पट्टीची पोहणारी होती."

माझ्या गावी पाणी उठून चालत येत नाही.
आमच्या भाषेत तळं आणि समुद्र एकच शब्द,
न्यान्जा,
आणि तो सांगितल्या जागी थांबतो.
इथं पहिल्याच रविवारी भाट्याच्या वाळूत
चपला काढून चालायला गेले,
परत येते तर चपला समुद्राच्या.
मिरकरवाड्याची सकीनाबी बांगड्याचे वाटे लावताना
मान वर न करता म्हणाली,
"तिथीची पाऊणपट कर. अष्टमी, तर सहाला भरती.
कॉलेजात काय शिकवतात गो तुम्हाला?"
तेव्हापासून माझी दोन घड्याळं :
एक चंद्राचं,
एक आईचं, साडेतीन तास मागे.

आई विचारते, मासे मिळतात ना?
मिळतात. पण हे खाऱ्या पाण्यातले,
आपल्या चांबोसारखी मिठाची वाट बघत नाहीत.
ती हसते.
मग दोघी गप्प,
आणि गप्प बसण्याचेही मिनिटाला पैसे.

वाईट दिवस कुठला म्हणाल,
तर कपड्यांवर बुरशी आली तो नव्हे.
केसांना हात लावून बघू का असं रिक्षावाल्यानं विचारलं,
तोही नव्हे.
एका मंगळवारी डबा घेऊन पायरीवर बसले
आणि कुणीच वळून बघितलं नाही.
तो.

त्याच रात्री काकू भाकरीसाठी उकड काढत होत्या.
तांदळाचा पांढरा, वाफाळता गोळा.
मी न विचारता चिमूट तोडली,
बोटांत वळली, अंगठ्यानं खळगा केला,
आमटीत बुडवून तोंडात टाकली.
"अगो, कच्चं आहे ते! भाकरी व्हायचीय अजून!"
मी म्हटलं, आमच्याकडे झालं. इथंच थांबतो आम्ही.
काकूंनी परातीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
अर्धी उकड वेगळी काढली
आणि उरलेल्या भाकऱ्या थापत राहिल्या.

सर सांगतात, माणसाच्या कानातही असते
बारीक वाळू. तोल तिच्यावर.
परीक्षेत विचारतील.
मी मात्र सूक्ष्मदर्शकाखाली डोळा लावून
भलतंच मोजत बसते :
या वर्षाचं कडं माझ्यात पडलं असेल का,
आणि ते दाट की विरळ.

काल शिरगावच्या थांब्यावर उभी होते.
पाठीमागून हाक आली, "अगो ठकू, गाडी आली!"
विचार करायच्या आधी मान वळली.
माझी, आणि माझ्या शेजारच्या
शहाळ्यांची टोपली घेतलेल्या म्हातारीचीही.
हाक तिच्यासाठी होती.
तिनं मला पायापासून केसांपर्यंत न्याहाळलं.
"तू पण?"
हो म्हटलं.
"मग धर हिकडनं," म्हणाली,
आणि टोपलीची एक बाजू
माझ्या हातात दिली.