कंसातली ओळ

लेख संपला की खाली
एक ओळ येते, बारीक टाइपात, कंसात.
ती मी लिहितो.
एकवीस वर्षं, शहापुरातल्या याच खोलीत.
खाली मिरची कांडायचा डंक, वर आम्ही,
त्यामुळे अग्रलेख गंभीर असो नसो
लिहिणारा शिंकतोच.

(लेखक निवृत्त प्राचार्य आहेत.)
(लेखक उच्च न्यायालयात वकिली करतात.)
या ओळी तयारच असतात, नाव तेवढं बदलायचं.
प्राचार्यांचं तर लेखाआधी ओळच येऊन पडते,
तीन पदव्या, दोन शाली,
आणि एका समितीचं सदस्यत्व,
जिची बैठक अजून व्हायची आहे.

नेमगोंडा उगारे विजेच्या दरावर लिहायचे.
उद्यमबागेत, फौंड्रीत, वाळूचे साचे करायचे.
मी लिहिलं: उद्योगक्षेत्राचे अभ्यासक.
दुसऱ्या दिवशी सायकल जिन्याला टेकवून वर आले.
"मी अभ्यास कुठं केलोय ओ?
भट्टीसमोर उभारलोय."
उजव्या हाताचं अर्धं बोट
माझ्या टेबलावर ठेवलं, पेपरवेटसारखं.
"लिवायचं तर हे लिवा की."

बाबाजान मुल्ला, माजी कंडक्टर, निपाणी डेपो,
दर मार्चमध्ये अंदाजपत्रकावर.
हिशेब चुकला की त्यांच्या पगारातून कापायचे,
कधी सात रुपये, कधी अकरा.
सगळ्या लेखांत त्यांचा एकच प्रश्न असतो:
सरकारला तूट आली
तर ती कुणाच्या पगारातून कापतात?
अर्थशास्त्राच्या दोन प्राध्यापकांनी
त्यावर खुलासा पाठवला. लांब होता.
छापला.
प्रश्न तसाच राहिला.

आणि एक होते, कोर्टातले दुभाषे.
सकाळी मराठी जबानी कन्नडमध्ये,
दुपारी कन्नड निकाल मराठीत,
रात्री आमच्यासाठी लेख, दोन्हीकडच्यांना न आवडणारे.
(लेखकाचे नाव संपादकांकडे आहे.)
होतं, माझ्या खणात, पोस्टाच्या पाकिटात.
ते गेले तेव्हा निधनवार्ता आली चार ओळींची:
मनमिळाऊ, पश्चात पत्नी, दोन मुली.
लेखनाचा उल्लेख नव्हता.
मी पेन काढलं, आणि परत ठेवलं.
शब्द दिला होता.

परवा वहीच्या पाठपानावर एक मजकूर आला,
पुढच्या बाजूला कुणाच्या तरी पोरीची भागाकाराची गणितं.
शेवंता होनगेकर, निपाणी. विषय: सरकारी दवाखाना.
एक्स-रेचं मशीन आलंय, दोन वर्षं झाली,
चालवणारा माणूस आला नाही.
खंडेनवमीला त्याची पूजा करत्यात,
झाकलेल्या कापडावर कुंकू अजून ताजं आहे,
खाली फोटो मात्र कुणाच्याच छातीचा निघालेला नाही.

फोन केला. व्यवसाय काय लिहू?
"वखारीत जर्दा चाळत होतो. आता सुटलंय.
दोन पावलं चाललं की दम लागतंय."
बरं, मग काय लिहू?
बराच वेळ नुसता खोकला ऐकू आला.
"हेच लिवा."

मी लिहिलं:
(लेखिकेने एकतीस वर्षे तंबाखूच्या वखारीत जर्दा चाळला.
सध्या त्या कुठेही कामाला नाहीत. त्यांना खोकला आहे.)

इराप्पा पान लावत होता. म्हणाला,
सर, कंस तीन ओळींचा व्हायलाय.
होऊ दे.
मग खालची जाहिरात कापायला लागतंय.
काप.

सकाळी जाहिरातवाल्यांचा फोन, दातांचे डॉक्टर.
त्यांच्या दवाखान्याच्या वेळेतला
संध्याकाळचा भाग गेला होता.
फार रागावले.
मी ऐकून घेतलं. घ्यावंच लागतं.
ते आमच्याकडे दर रविवारी लिहितात,
परराष्ट्र धोरणावर.