पिस्टन नसलेली गाडी

नागपुरात, कळमन्याच्या एका गोदामात
अकरा वर्षं ती सरकीच्या पोत्यांमागे उभी होती.
चारही टायर बसलेले,
काचेवरच्या धुळीत कुणी बोटानं लिहिलेलं: धुवा.

माझदा. सत्त्याऐंशीची. रोटरी.
कुण्या वकिलातीतल्या साहेबाच्या सामानासोबत बोटीनं मुंबईला,
मग कुन्नूरच्या एका मळेवाल्याकडे, मग हैदराबाद,
मग इथं, ढेपेच्या वासात.

भाव विचारू नका.
थ्रेशर विकला, एवढं सांगतो.
रंजना चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली,
'मांगच्या शिटा मांजरीच्या हायेत का?'

मी चौदाचा होतो तेव्हा आर्वीच्या रद्दीवाल्याकडे
एका इंग्रजी मासिकात हे इंजिन उभं कापलेलं पाहिलं.
पिस्टन नाही. व्हॉल्व्ह नाही.
अंड्यासारख्या पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण
फिरतो, नुसता फिरतो.
ते पान आजही माझ्या लेथच्या पेटीत, झाकणाला आतून डकवलेलं आहे.
ग्रीसनं निम्मं काळं झालंय.
त्रिकोण तेवढा दिसतो.

सात महिने लागले.
सील कोइम्बतूरहून, कार्ब्युरेटर नव्हेच, इंजेक्शन,
त्याची वायरिंग उंदरांनी खाल्लेली,
ती मी आणि शालिक बोबडेनं टॉर्च तोंडात धरून जोडली.
डॅशबोर्डच्या खणात एक लाल कापडी पुरचुंडी निघाली,
वर सोनेरी दोऱ्यानं काढलेली अक्षरं.
मयूरीनं मोबाइल धरला, वाचलं: वाहतूक, सुरक्षा.
'बाबा, हे तर आपल्या एसटीच्या मागं लिहून राहते.'
पुरचुंडी होती तिथंच ठेवली.
त्या बाईची असेल. बाईच असणार, असं मला उगाच वाटतं.

कोंढाळी, कारंजा, तळेगाव.
स्टिअरिंग आपल्याच बाजूला,
जणू तिकडच्यांना माहीत होतं, ही इकडे येणार.
सात हजारांवर काटा गेला की आत एक बझर वाजतो:
बस कर, नाहीतर ही थांबायची नाही.
पिस्टनचं इंजिन धापा टाकतं, हे तसं नाही.
हे गुणगुणत चढत जातं,
आणि दोन्ही बाजूंची तूर
एकाच हिरव्या पट्ट्यासारखी मागं ओढली जाते.

मग आमचं गाव. मग गावचे गतिरोधक,
ज्याच्या त्याच्या दारासमोर, ज्याच्या त्याच्या मापाचे.
तिसऱ्यावर पोट घासलं.
त्या आवाजानं पारावरचे सगळे उठून आले.
'ॲव्हरेज?'
मी खोटं बोललो. तरी हसले.

आबा ओट्यावरून उतरले नाहीत, त्यांना उतरवावं लागलं.
मोतीबिंदूनंतर ते हातानंच पाहतात.
बोनेटवर तळवा ठेवला. गरम होतं.
'चाक फिरते का आत?'
त्रिकोण फिरते आबा. एका भांड्यात.
'म्हंजे घाणी.'
मी काहीच बोललो नाही.
चौतीस वर्षं त्यांनी जवस गाळलं,
लाकडाची लाट, एक बैल, आणि त्याच्या डोळ्यांवर झापड,
म्हणजे त्याला कळू नये
आपण कुठंच जात नाही.
'तेल देते का?'
पिते. हजार किलोमीटरला अर्धा लिटर.
आबा इतके हसले की खोकला आला.
'आपली देत होती लेका. तू पेणारी आणली.'

मग त्यांचा हात पुढं सरकला,
जिथं दिवे असायला हवेत तिथं सपाट पत्र्यावर थांबला,
कडेकडेनं बोट फिरवत राहिला.
'हिले झापड हाय काय?'
हाय.
'मंग काढ ना.'

मी आत बसलो, बटण ओढलं.
उजवा डोळा उघडला. डावा घरघरला, अडकला,
मग आला.
मोटर पाहावी लागेल.