पंचवीसचा डबा

मोठ्या मशीनीत मले घेतलं नाही.
फोटोत गळ्याच्या हाडाखाली लोखंडाचा तुकडा निघाला,
ज्वारीच्या दाण्याएवढा.
खोब्रागडे मॅडम म्हणाल्या, ते चुंबक आहे हो बाई,
तुकडा जागचा हलेल.
मी म्हटलं, हलू द्या,
तसाही तो रात्री दोनले हलतेच.

मंग टोपी.
केसाले काहीतरी गार, चिकट लावते,
टोपीले वायरी, वायरीले पडदा,
पडद्यावर एक निळी पट्टी.
आत बदामाएवढी जागा असते म्हणे, भीती तिथं राहते,
ती उठली का पट्टी उठते.
बदाम मी एकदाच पाहिले, बाळंतपणात,
मोजून अकरा.

हिले खाली आणा, मॅडम म्हणाल्या.
कशी आणू?
ते आम्हाला सांगता येत नाही. तुमचं तुम्ही शोधा.
आता ही कोणती दवा झाली!
वैद्य म्हणते, अवषध तुह्या घरीच आहे,
घर कोणतं ते तूच पाह्य.

पहिल्या खेपेले देवीचं नाव घेतलं. पट्टी वर.
पोरीचा चेहरा आणला. पट्टी अजून वर,
चेहऱ्यामागं दार होतं ना, अन् दाराले कडी.
मंग काहीच आणलं नाही,
तर अशी पळाली, जशा आम्ही पळालो होतो
चपला तिथंच टाकून.

त्या दिवसाचं मी सांगत नाही.

सावळीहून काटोल, सकाळची एसटी,
मांडीवर डबा, खिडकीतून संत्र्याचे बगीचे.
येताना मोरेश्वर विचारे, किती खाली आली?
जसा भाव विचारते मंडीतला.
घरी तो गंजावरचं झाकण फडक्यावर ठेवते.
कड्या त्यानं साऱ्या काढून टाकल्या,
कुत्रं आत येते, येऊ दे म्हणते.

सहाव्या खेपेले लाईट गेली.
टोपी डोक्यावर, पडदा काळा,
मॅडम वायरमनले फोन लावून राहिल्या,
अन् मी कुठं गेली मले समजलं नाही.
पंचफुला मोजून राहिली होती.
आमच्या टेबलावर तिचा हात सगळ्यात हलका.
पंचवीस नळ्यांचा एक डबा,
पण आकडा कधी एकटा नाही म्हटला तिनं,
दर आकड्यावर माणूस बसवे.
एक माही माय, दोन माहा बाप,
तीन मामा, चार लंगडा मामा,
नऊवर मास्तर, ज्यानं तिले चौथीत नापास केलं,
चोवीसले सुपरवायझर, नळी जराशी आपटून,
आम्ही साऱ्या खाली मान घालून हसो,
अन् पंचवीस मी,
लाव झाकण.

लाईट आली तवा पट्टी तळाले होती.
पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी.

काय केलं तुम्ही? मॅडमनं विचारलं.
काही नाही जी, पंचफुला डबा भरून राहिली होती.
कोण पंचफुला?
मी सांगतलं.
त्यांनी वहीत लिहिलं, मंग खोडलं,
मंग चहा मागवला.

तेच टेबल. तीच खोली.
दोन वर्सं ज्या खोलीकडं मी मान फिरवली नाही
तिथंच, डाव्या कोपऱ्यात, हे पडून होतं,
अन् मी देवळं पालथी घातली.

काल दुपारी एकले खदानीवर सुरुंग झाला.
मी अंगणात संत्रं निवडत होती.
हात थांबला. दात दातावर.
एक तिची माय. दोन तिचा बाप.
सतरापर्यंत गेली.
सतरावर कोण होतं, आठवत नाही.
तिच्या भावाले विचारलं पाहिजे,
तो हिंगण्याले राहते, फोन उचलत नाही.
तोवर सतरावर मोरेश्वरले बसवला,
क्रेट उचलत होता, त्याले काय माहीत.
संत्रं हातात होतं ते फुटलं नाही.

चोवीसवर मी थांबते.
डबा उघडाच ठेवते.